गावातच राहणारा बातमीदार

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘वृत्तपत्रे : लोकशाहीचा चौथा स्तंभ’ असा विषय होता. मीही बोलले होते. त्या सात मिनिटांत ‘निर्भीड’ हा शब्द मी किती वेळा उच्चारला याची मोजदाद कोणी केली नाही हे बरे झाले. परीक्षकांना भाषण आवडले, टाळ्या पडल्या आणि दुसरे पारितोषिकही मिळाले. निकाल लागताच पहिला फोन मी केला तो मामांना. कारण माझे मामा हे माझ्या माहितीतले एकमेव खरेखुरे बातमीदार. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते एका दैनिकाचे वार्ताहर आहेत. तालुक्याचे नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

मामा म्हणाले, “व्वा! फोटो पाठव, उद्याच्या अंकात लावतो.” आणि खरोखरच दोन दिवसांनी माझा फोटो छापून आला. खाली ‘वक्तृत्व स्पर्धेत यश’ अशी चार ओळींची बातमी. मी ते कात्रण वहीत चिकटवून ठेवले.

दिवाळीत मामांकडे गेले तेव्हा मामी भांडी लावता लावता म्हणाल्या, “तू भाषणात काय काय बोललीस ते ह्यांनी वाचून दाखवलं मला. निर्भीड न् काय काय. तुला एक सांगू का? त्यांना सांगू नको मी बोलले म्हणून.” आणि मग त्यांनी जे सांगितले ते ऐकल्यापासून ते कात्रण मला नीट पाहवत नाही.

आदल्या वर्षी मामांनी नदीतल्या वाळूच्या उपशावर लागोपाठ तीन बातम्या दिल्या होत्या. रात्री किती टिपर भरून जातात, कोणत्या वाटेने जातात, नंबरप्लेट कशी झाकतात, हे सारे त्यांनी स्वतः बांधावर बसून टिपून घेतले होते. तिसरी बातमी छापून आली त्याच्या चौथ्या दिवशी संध्याकाळी एक माणूस दुकानात आला. मामांचे झेरॉक्स आणि स्टेशनरीचे छोटे दुकान आहे. त्या माणसाने दोन पेन घेतले, पैसे दिले, सुटे परत घेतले आणि जाता जाता अगदी आपुलकीने विचारले, “तुमची भाची सोलापुरात शिकती न्हवं? कुठल्या वर्षाला हाय आता?”

एवढेच. शिवी नाही, दमदाटी नाही, हात उगारणे नाही. मामांनी चौथी बातमी दिली नाही.

मित्रहो, व्यासपीठावर उभी राहून मी ज्या निर्भीडपणाचे गोडवे गात होते, त्या निर्भीडपणाच्या गळ्यात अडकलेला फास मीच होते, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. आज जे लिहीत आहे ते भाषण नव्हे. ज्यांना टाळ्या वाजवायच्या असतील त्यांनी त्या माझ्या मागच्या वर्षीच्या भाषणाच्या खात्यात जमा कराव्यात.

तालुक्याचा वार्ताहर म्हणजे कोण, हे शहरातल्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. त्याला पगार नसतो. असलेच तर नाममात्र मानधन. पहाटे एस.टी.ने आलेले अंकांचे गठ्ठे सोडवणारा तोच, बातमी लिहिणारा तोच आणि जाहिराती गोळा करणाराही तोच. त्याचे खरे उत्पन्न जाहिरातीवरच्या कमिशनचे. आणि तालुक्यात जाहिराती देतो कोण? वाढदिवसाला पानभर शुभेच्छा छापवून घेणारे पुढारी, ठेकेदार, पतसंस्थांचे चेअरमन. म्हणजे ज्याच्याविरुद्ध लिहायचे त्याच्याच ओट्यावर पावतीपुस्तक घेऊन बसायचे! वाळूची पहिली बातमी आली त्याच आठवड्यात मामांच्या दोन जाहिराती ‘पुढच्या वर्षी बघू’ झाल्या होत्या, हे मला मामींकडूनच कळले. तेव्हा धोका काही पेन विकत घेणाऱ्या माणसापासून सुरू झाला नव्हता. तो आधीच पावतीपुस्तकात येऊन बसला होता.

वाळू हा शब्द शहरात बसून ऐकला की क्षुल्लक वाटतो. खुनाखुनी व्हावी असे त्यात काय आहे? परंतु भीमा आणि सीना यांच्या काठच्या माणसाला विचारा. नदीतली वाळू पाणी धरून ठेवते. ती खरवडून नेली की काठच्या विहिरी आटतात, आणि आपला जिल्हा मुळात अवर्षणाचा. जे फुकट भरायचे आणि शहरात सोन्याच्या भावाने विकायचे, त्याच्या आड येणारा कोणीही नकोसाच होणार. मध्य प्रदेशातल्या भिंड येथे संदीप शर्मा नावाच्या तरुण वार्ताहराने वाळूवाले आणि पोलीस अधिकारी यांच्या संबंधांचे छुपे चित्रण केले होते. आपल्या जिवाला धोका आहे, असे त्याने वरिष्ठांना लेखी कळवलेही होते. २६ मार्च २०१८ रोजी मोटारसायकलवरून जाताना तो एका ट्रकखाली सापडून मेला.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. कोकणातल्या राजापूरचे शशिकांत वारिशे हे ‘महानगरी टाइम्स’चे बातमीदार. बारसू-सोलगावच्या नियोजित रिफायनरीविरुद्ध तिकडे जे आंदोलन चालले होते त्याच्या बातम्या ते सातत्याने देत. ६ फेब्रुवारी २०२३ च्या सकाळी त्यांची एक बातमी छापून आली. रिफायनरीची बाजू घेणाऱ्या आणि जमिनींच्या व्यवहारात असलेल्या एका माणसाबद्दल ती होती. त्याच दुपारी महामार्गावर वारिशे यांच्या दुचाकीला एका जीपवजा गाडीने धडक दिली आणि फरफटत नेले. दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. ज्याच्याविषयी बातमी होती, गाडी त्याचीच निघाली. त्याला अटक झाली आणि पुढे खुनाचे कलम लावण्यात आले. खरेखोटे न्यायालय ठरवील.

मला या घटनेतली एक गोष्ट विशेष बोचते. बातमी सकाळी आली, आणि दुपारी बातमीदार कोठे असेल हे शोधायला कोणाला कष्ट पडले नाहीत. राजापूरसारख्या गावात वारिशे कोणत्या रस्त्याने येणार, कोठे पेट्रोल भरणार, हे साऱ्यांना ठाऊक. दिल्ली-मुंबईहून मोठ्या वृत्तपत्राचा प्रतिनिधी येतो, दोन दिवस लॉजवर राहतो, लिहितो आणि निघून जातो. त्याच्या धैर्याला मी कमी लेखत नाही. परंतु गावातला बातमीदार ज्याच्याविरुद्ध लिहितो त्याच्याच दुकानातून किराणा आणतो, त्याच्या मुलांच्या शाळेत आपली मुले पाठवतो, त्याच्याच शेजारी लग्नाच्या पंक्तीला बसतो. त्याला पळून जायला गाव नाही; कारण हेच त्याचे गाव.

मुंबईतही पत्रकार सुरक्षित असतात असे नाही. ‘मिड-डे’चे ज्योतिर्मय डे यांना ११ जून २०११ रोजी पवईत भरदिवसा गोळ्या घातल्या गेल्या. गुन्हेगारी जगताचा त्यांच्याइतका माहीतगार दुसरा विरळाच. पण तेथे निदान एवढे झाले, की मुंबईचे पत्रकार एकजुटीने रस्त्यावर उतरले, खटला चालला, आणि २ मे २०१८ रोजी छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप झाली. न्याय मिळायला जवळजवळ सात वर्षे लागली, पण मिळाला. तालुक्याच्या बातमीदारामागे रस्त्यावर उतरायला किती लोक असतात? पत्रकार संघाचे पाच-सहा सभासद, आणि त्यातले दोघे त्याच ठेकेदाराच्या जाहिरातींवर जगणारे.

आता आपल्या सोलापूरकडे वळते. चार पुतळ्यांवरून आपण रोज जातो. ज्या चौघांचे ते पुतळे आहेत त्यांची नावे आपल्याला प्राथमिक शाळेपासून पाठ आहेत : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १२ मे १९३० रोजी सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी हे चौघे येरवड्याला फासावर गेले. हे सारे पाठ असूनही, त्या चौघांतले कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे वृत्तपत्र चालवीत, हे मला अगदी अलीकडे कळले. विशीतला तरुण, गिरणी कामगारांत वावरणारा, आणि हाती एक वृत्तपत्र! त्याच सुमारास ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांनाही लष्करी कायद्याने तुरुंग दाखवला.

कुर्बान हुसेन यांना फाशी झाली ती एखाद्या लेखाबद्दल नव्हे. आरोप होता पोलिसांच्या हत्येचा. येथेच मला थांबावेसे वाटते. बातमीबद्दल शिक्षा झाली, असे कागदावर फार क्वचित लिहिलेले असते. कागदावर खून असतो, दंगल असते, अपघात असतो, खंडणी असते. ‘याने असे असे लिहिले म्हणून’ हे वाक्य कोठे सापडतच नाही. लोकमान्यांवर निदान त्यांच्या लेखांबद्दल सरळ खटला भरला गेला आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. परक्या सरकारचा हा एक सरळपणा म्हणायचा! आज कोण असा सरळ खटला भरतो? दुकानात येऊन दोन पेन विकत घेतले की काम भागते.

याचा अर्थ सारे बातमीदार धुतल्या तांदळासारखे आहेत असा मुळीच नाही. बातमी छापण्याचे नव्हे तर न छापण्याचे पैसे घेणारे आपल्या जिल्ह्यातही आहेत, आणि ते कोण हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. गळ्यात ओळखपत्र अडकवून ठेकेदाराला ‘भेटायला’ जाणारे हे लोक प्रामाणिक बातमीदाराचे सर्वांत मोठे शत्रू होत, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण उद्या खऱ्या बातमीदारावर हात पडला तर गाव म्हणते, “असंल काहीतरी देण्याघेण्याचं.” हे एक वाक्य गावाने उच्चारले की मारणाऱ्याचे अर्धे काम होते.

आणि प्रामाणिक माणसाचाही कागद कच्चा निघू शकतो. आगरकर आपण समाजसुधारक म्हणून शिकतो. डोंगरीच्या तुरुंगातले त्यांचे एकशे एक दिवस ठाऊक असतात, पण ते तेथे का गेले हे परीक्षेत विचारत नाहीत! कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना, चौथ्या शिवाजी महाराजांना, दिवाण बर्वे यांच्या कारभारात छळ सोसावा लागतो, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी केला. त्याला आधार म्हणून काही पत्रे प्रसिद्ध करण्यात आली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, पत्रे बनावट निघाली आणि १८८२ साली आगरकर व टिळक दोघांनाही शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यात असताना वारले. म्हणजे पत्रे खोटी होती. पण महाराजांविषयी लोकांना वाटणारी काळजी अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. दुसऱ्याने हाती दिलेला कागद पारखून न घेता छापला तर खरी गोष्टही खोटी ठरते. मामा बांधावर बसून टिपरचे नंबर स्वतः लिहून घेत, त्याचे मोल मला हे वाचल्यावर कळले.

या कोल्हापूर प्रकरणातली दुसरी एक गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. आगरकर-टिळकांसाठी जामीन राहिले ते रामशेठ उरवणे, आणि तेही जोतीराव फुल्यांच्या शब्दाखातर. फुले आणि टिळक यांचे विचार किती भिन्न होते हे मी येथे सांगायला नको. वर्गात त्यावर आपण भांडलोही आहोत. तरी वृत्तपत्राच्या संपादकांवर प्रसंग आला तेव्हा जोतीरावांनी त्यांची मते तपासली नाहीत. आज आपण काय करतो? हल्ला झालेला बातमीदार कोणत्या पक्षाकडे झुकणारा, कोणत्या जातीचा, कोणत्या चॅनेलचा, हे आधी विचारतो आणि मग दुःख करायचे की नाही ते ठरवतो.

जेथे दोन बाजूंनी बंदुका रोखलेल्या असतात तेथे तर या प्रश्नाने माणूस जिवाला मुकतो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली, आणि सीमा ओलांडली की छत्तीसगडचे बस्तर. तेथल्या विजापूर जिल्ह्यात – हे आपल्या शेजारचे विजापूर नव्हे – ‘देशबंधु’चे साई रेड्डी काम करीत. पोलिसांनी त्यांना नक्षलवाद्यांचा माणूस म्हणून तुरुंगात टाकले होते. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये त्यांना ठार मारले ते नक्षलवाद्यांनी. दोन्ही बाजूंना तो आपला वाटला नाही. माझ्या मते बातमीदाराला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही, पण ते मिळवण्यासाठी त्याला मरावे लागले! त्याच विजापूरचा मुकेश चंद्राकर ‘बस्तर जंक्शन’ नावाची वाहिनी चालवीत असे. २०२१ च्या एप्रिलमध्ये नक्षलवाद्यांनी धरून नेलेल्या एका जवानाची सुटका करून आणायला जे लोक जंगलात गेले त्यांत तो होता. बंदुकांच्या त्या जंगलातून तो सुखरूप परत आला. त्याचा घात झाला तो एका रस्त्याच्या बातमीने. रस्त्याच्या कामातला गैरव्यवहार उघड झाल्यानंतर, १ जानेवारी २०२५ च्या रात्री तो नाहीसा झाला आणि ३ तारखेला एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत त्याचे प्रेत सापडले. टाकीवर ताज्या सिमेंटचा थर दिला होता.

नक्षलवादी नव्हे, सरहद्द नव्हे, रस्त्याचा ठेका! ‘अशांत प्रदेश’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काश्मीर किंवा दंडकारण्य येते. पण वाळूचा लिलाव, रस्त्याची निविदा आणि जमिनीचा सातबारा जेथे आहे तो प्रत्येक तालुका बातमीदाराच्या दृष्टीने अशांतच आहे. मग आपला जिल्हा शांत कसा म्हणावा?

कायदा नाही असेही नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि तपास उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. कायदा चांगला आहे. परंतु वारिशे गेले ते हा कायदा झाल्यानंतर. आणि भाचीची आपुलकीने चौकशी करणाऱ्या माणसावर त्यातले कोणते कलम लावणार, हे मला आपल्याच महाविद्यालयातल्या विधी शाखेकडे वळणाऱ्या मित्रांनी सांगावे.

मग उपाय काय? माझ्यापुरता मला एकच दिसतो, आणि तो माझा शोध नव्हे. १९७६ साली अमेरिकेत ॲरिझोना राज्यात डॉन बोल्स नावाच्या बातमीदाराला मोटारीत बॉम्ब ठेवून मारण्यात आले. तेव्हा निरनिराळ्या वृत्तपत्रांचे जवळजवळ चाळीस बातमीदार त्या गावी गेले आणि त्यांनी तेथले गैरव्यवहार मिळून खणून काढले. एरवी एकमेकांच्या बातम्या पळवणारे लोक! हेतू सरळ होता : एकाला मारून बातमी मरत नाही हे मारणाऱ्याला कळावे. हे आपल्याकडे अशक्य आहे का? मामांची तिसरी बातमी छापून आली त्या दिवशी तालुक्यातल्या बाकीच्या चार वृत्तपत्रांनी ती आपापल्या नावाने उचलली असती, तर तो माणूस किती दुकानांतून पेन विकत घेत फिरला असता?

मी हे लिहायला मामांवर ठपका ठेवण्यासाठी बसले नाही. ‘मामांनी लिहायला हवे होते’ असे म्हणण्याचा अधिकार निदान मला तरी नाही; त्यांनी माझ्यासाठी लेखणी खाली ठेवली. आणि वाचक म्हणून आपण तरी कोठे होतो? त्या तिन्ही बातम्या आल्या तेव्हा एकाही वाचकाचे पत्र आले नाही. ग्रामपंचायतीने ठराव केला नाही. माझ्या वाढदिवसाच्या व बक्षिसाच्या बातमीवर मात्र पंधरा फोन आले, असे मामी सांगतात.

हा लेख वार्षिकाला द्यायचा ठरवला तेव्हा मामींना दिलेला शब्द मोडून मी मामांना सारे विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उठून कपाटाच्या वरच्या कप्प्यातली एक शाळेची वही काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. टिपरचे नंबर, तारखा, वेळा. तिसऱ्या बातमीनंतरच्याही तारखा त्यात होत्या. लिहिणे थांबले होते, बांधावर जाणे थांबले नव्हते.

मी म्हणाले, “मामा, लेखात हे घालू का?”

“घाल की. गावाचं नाव नको. माझं नको. दैनिकाचंही नको.” वही परत कप्प्यात ठेवता ठेवता ते थांबले. “वाळू तेवढी राहू दे.”